बियाण्याची खोली

मागच्या उन्हाळ्यात आमच्या घरी जेवताना एकच विषय असायचा, रॅम किती घ्यायची. मी पन्हं वाढायची आणि आमचे हे बोटांवर प्रोसेसर मोजायचे. मामाजी, म्हणजे माझे सासरे, मान खाली घालून भात कालवायचे. त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण पोरगा समोर बसून जेवतो आहे, याचंच त्यांना इतकं समाधान होतं की तो काहीही बोलला असता तरी त्यांनी ऐकून घेतलं असतं.

आमचं गाव लाखनीपासून थोडं आत. हे लग्नाच्या आधीपासून पुण्याला, एका कंपनीत. दिवाळीला यायचे, पोळ्याला यायचे, बाकी संसार मोबाईलवर. माझं लग्न फोनशी लागलं आहे असं मी माहेरी म्हणायची. मग कंपनीनं माणसं कमी केली, हे घरी आले आणि हायवेवरच्या एका दुकानात प्रिंटर दुरुस्त करायला बसू लागले. माणूस घरी आला याचा मला आनंद झाला होता, पण त्यांचा चेहरा पाहिला की तो आनंद दाखवता येत नव्हता.

चैत्रात एका जुन्या मित्राचा फोन आला. घरी बसून करायचं काम होतं, कुठल्यातरी दूरच्या कंपनीच्या मशीन इथून सांभाळायच्या. अट एकच, मुलाखतीत स्वतःच्या घरच्या मशीनवर सगळं उभं करून दाखवायचं. जमलं तर हे कायमचे इथंच. नाही जमलं तर पुण्यात एका जागी शब्द टाकून ठेवला होता, ज्येष्ठात बॅग भरायची. हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं, म्हणून त्यावर कोणी बोलत नव्हतं. सगळं बोलणं रॅमवरच.

त्यांनी मला समजावून सांगितलं, एका मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटात चार-पाच कॉम्प्युटर राहतात, आणि प्रत्येकाला वाटतं की आपण एकटेच आहोत.

"मंग हे आपलं घर नाही बाप्पा," मी म्हटलं. "आपल्या घरात त आंघोळीले गेलं तरी कोणी एकटं ठेवत नाही."

हे हसले. बऱ्याच दिवसांनी हसले, म्हणून लक्षात आहे.

घ्यायचं काय, यावर त्यांचं मन डुलत होतं. एक तर एखाद्या ऑफिसातून निघालेला जुना सर्व्हर, लांबलचक, चपटा, वजनदार. नाहीतर सुटे भाग आणून जुळवलेला कॉम्प्युटर. नाहीतर जेवणाच्या डब्याएवढी एक बारकी मशीन. मन होतं मोठ्यावर. पुण्यात त्यांनी तसलेच सांभाळले होते, हात त्यावरच बसलेला. नागपूरच्या एका जुन्या मालाच्या व्यापाऱ्यानं चालवून पाहायला म्हणून तो दिला, आणि एका दुपारी टेम्पोतून उतरला. दोघांना धरावा लागला. सुरू केल्यावर जो आवाज निघाला, त्यानं सांदवाडीतल्या, म्हणजे मागच्या परसातल्या, कोंबड्या कुंपणापर्यंत पळाल्या.

"याले काय लागते?" मामाजींनी विचारलं.

"थंड जागा लागते बाबा. गरमी सोसत नाही त्याले. धूळ बी नाही चालत."

मे महिन्यात भंडारा जिल्ह्यात थंड जागा मागतो हा माणूस. आमच्या घरात तशी एकच खोली आहे, स्वयंपाकघरामागची, जाड मातीच्या भिंतींची. तिथं बियाण्याची ढोली असते, बांबूची विणलेली, शेणमातीनं लिंपलेली उंच कोठी. त्यात सासूबाईंचं धान. बारीक, वासाचं, त्यांनी लाखांदूरकडच्या आपल्या माहेराहून पहिल्या वर्षी पदरात बांधून आणलेलं. दुकानात ते मिळत नाही, उतारा कमी म्हणून कोणी लावतही नाही. सासूबाई गेल्या, तरी मामाजी दर साली बोडीजवळच्या, म्हणजे गावच्या लहान तळ्याजवळच्या, एका लहानशा बांधीत तेच रोवतात आणि त्यातलं बी राखून ठेवतात.

"तिथं ठेव ना मंग," मामाजी म्हणाले, आणि उठून स्वतः जागा झाडून दिली.

ह्यांनी खिडकी बंद केली, फटी बोळे घालून बुजवल्या, धूळ नको म्हणून. मशीनच्या आत किती गरम आहे ते स्क्रीनवर घटकेघटकेला पाहायचे. मशीन जी गरम हवा बाहेर टाकते ती समोरच्या ढोलीवर जाते, हे मात्र शेतकऱ्याच्या पोराच्या डोक्यात आलं नाही. लहानपणीच वसतिगृहात गेलेला माणूस, त्याला धान म्हणजे ताटातलं माहीत. माझ्याही डोक्यात आलं नाही, मी तर रोज त्या खोलीत जात होते.

मला राग लवकर येतो. त्या दिवसांत तो सगळा मामाजींच्या वाट्याला गेला, कारण नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, लागला तरी त्यांनी आपल्या खोलीतला कूलर बंद करून टाकला होता. विचारलं तर म्हणायचे, "थंडी वाजते, बेटा." बाहेर डांबर वितळत होतं आणि यांना थंडी वाजत होती. पंखा नुसती झळ फेकायचा. मी दुपारी जाऊन कूलर लावायची, परत येऊन पाहावं तर बंद. मी चिडले, अंगात ताप आहे का म्हणून कपाळ चाचपलं, डॉक्टरकडे चला म्हटलं. ते आपले दुपट्टा तोंडावर घेऊन पडून राहायचे.

एक दिवस चिंचेची बरणी काढायला बियाण्याच्या खोलीत गेले आणि तोल जाऊ नये म्हणून ढोलीवर हात टेकला. ढोली गरम होती, तापलेल्या पोराच्या कपाळासारखी.  घाईनं झाकण काढलं, हात घातला, तर आत काहीच नाही. अगदी तळापर्यंत रिकामी.

उंदीर, चोर, काय काय मनात आलं. तशीच मामाजींच्या खोलीत गेले. ते खाटेवर पडले होते, कूलर बंद, बनियन घामानं अंगाला चिकटलेलं. त्यांना उठवायला वाकले आणि खाटेखाली दिसलं. सासूबाईंच्या जुन्या लुगड्यांची गाठोडी, एकाला एक लावून ठेवलेली.

"मामाजी, हे काय व्हय?"

"बी व्हय."

"ते दिसून राहिलं मले. इथं कायले आणलं?"

"तिथं गरम होऊन राहिलं होतं."

"आणि कूलर काहून बंद?"

"ओली हवा असते ना त्याची. बियाले बुरशी धरते."

"म्हणजे थंडी नव्हती वाजत तुमाले."

ते थोडे ओशाळून हसले. उशीपाशी ठेवलेलं एक ओलं फडकं उलगडून दाखवलं. त्यात मूठभर दाणे घातले होते, बऱ्याच दाण्यांना पांढरे कोंब आले होते. "जिवंत आहे," म्हणाले. "लवकर काढलं म्हणून."

"मंग सांगायले काय झालं होतं? आमी काय परके आहोत?"

"सांगितलं असतं त त्यानं मशीन वापस नेऊन देल्ली असती."

"नेऊ द्यायची."

"मंग तो पुन्याले गेला असता." मामाजींनी फडकं पुन्हा नीट गुंडाळलं. "बी काय, कोणाकडूनबी मांगून आणता येते."

हे साफ खोटं होतं आणि आम्हा दोघांनाही ते माहीत होतं. मी वळले, स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून रडले.

संध्याकाळी हे दुकानातून आले, तेव्हा ताट वाढायच्या आधीच मी सगळं सांगून टाकलं.  पाय न धुता हे तसेच मागच्या खोलीत गेले. आणि तो घरघराट बंद झाला. इतके दिवस आम्ही सगळे ओरडून बोलत होतो, हे तेव्हा कळलं. खिडकीतले बोळे काढून ते कितीतरी वेळ त्या रिकाम्या ढोलीजवळ उभे होते. सकाळी टेम्पो बोलावला आणि मशीन नागपूरला परत गेली.

मग निवड पुन्हा पहिल्यापासून. आता प्रोसेसर, रॅम सगळं नंतर, आधी विचारायचं की गरम किती होते. त्याच व्यापाऱ्याकडून हे ती बारकी मशीन घेऊन आले, पिशवीतून, एसटीनं. टीव्हीच्या शेजारी ठेवली, सुरू केली, तर चालू आहे की नाही हे दिव्यावरून पाहावं लागलं. मामाजींनी तिच्यावर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"कोमट आहे," म्हणाले.

मला वाटलं झालं, आता बी ढोलीत जाईल आणि कूलर लागेल. कसलं काय. "राहू दे सध्या," मामाजी म्हणाले. "लहानी मशीन आहे ते. नाही पुरली त मोठी आणा लागन. खोली रिकामी असलेली बरी." मी खूप बोलले. ते ऐकून घेतात आणि करायचं तेच करतात, पोरगाही त्यांच्यावरच गेला आहे.

रोज जेवताना ते विचारायचे, "पुरते का रे तुले?"

"पुरते बाबा. मस्त पुरते."

आणि मग हे स्वयंपाकघरात येऊन मला हळूच सांगायचे की हिच्या पोटात चार मशीनपर्यंत ठीक आहे, पाचवी चालू केली की सगळं रांगायला लागतं, आणि मुलाखतीत किती उभ्या करायला लावतील देव जाणे. बाप म्हणतो मला गरम होत नाही, लेक म्हणतो मला पुरतं. दोघंही माझ्या तोंडावर खोटं बोलत होते आणि मी दोघांना पन्हं पाजत होते. रागही येत होता आणि दोघांना जवळ घेऊन बसावं असंही वाटत होतं.

मुलाखत भर दुपारी होती. ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, खाली घरचाच पायजमा. मी दाराच्या आड उभी. मामाजी बाहेर पडवीत बसले होते, पाठ आमच्याकडे, पण कान इकडेच. स्क्रीनवरच्या माणसानं काही मशीन उभ्या करायला लावल्या, मग म्हणाला, आता यातली एक बंद पाडा, तिचं काम दुसरीनं उचललं पाहिजे. आणि नेमकी तेव्हाच आमची लाइट गेली. पंखा थांबला.  इन्व्हर्टरनं टिक केलं, आणि ती बारकी मशीन काही हललीसुद्धा नाही. मोठी असती तर इन्व्हर्टरनं केव्हाच मान टाकली असती. ह्यांनी घाम पुसला, एक मशीन पाडली, दुसरीनं काम उचललं. पाचवीचं नाव कोणी काढलं नाही.

दोन-तीन दिवसांनी, दुपारीच, फोन आला. हे बोलत बोलत सांदवाडीत गेले आणि परत येऊन मामाजींच्या खोलीच्या दारात उभे राहिले. मामाजी खाटेवर उठून बसले.

"पुरलं का?" त्यांनी विचारलं.

"पुरलं बाबा," हे म्हणाले. या वेळी ते खरं बोलत होते.

"मंग कुठी जायचं नाही ना आता?"

"नाही."

मामाजी "बरं" म्हणाले. खाली वाकून त्यांनी खाटेखालचं एक गाठोडं ओढलं, खांद्यावर घेतलं आणि मागच्या खोलीकडे निघाले. ह्यांनी दुसरं उचललं. उरलेलं लहानसं मी घेतलं. बी ढोलीत ओतताना त्याचा तो वास साऱ्या खोलीभर झाला. मग मी मामाजींच्या खोलीत गेले, कूलरमध्ये पाणी भरलं आणि तो चालू केला. या वेळी तो कोणी बंद केला नाही.