खिशातला फ्यूज

आधीच सांगून टाकतो, मी वायरिंगचा माणूस. तारेत करंट असतो किंवा नसतो, तिसरं काही नसतं... ह्याच समजुतीवर तीस वर्षं पळस्प्याजवळ गॅरेज चालवलं. ह्या ग्रुपवरचे अनुभव मी दुपारी डबा खाताना वाचतो आणि खरं सांगायचं तर बहुतेकांना हसतो. आज माझाच लिहितोय. गुडघे गेलेत, दिवसभर कंटेनरच्या गाड्यांची धूळ खाऊन जीव विटलाय, त्यामुळे मीठमसाला लावायची ताकद नाही. झालं तसं सांगतो.

गेल्या महिन्यात सुरेखा आली, माझ्या जुन्या गिऱ्हाइकाची, भास्करची मुलगी. द्रोणागिरीला गोदामात सुपरवायझर आहे. ती जी पिकअप चालवत आली ती मी लांबूनच ओळखली. भास्करची गाडी! गोल बोनेटवाली, निळी. मोऱ्याच्या बंदरावरून पनवेलच्या बाजारात मासळी आणायचा तो, बायको शेजारच्या सीटवर.

"काका, बाबांना जाऊन वर्ष झालं," सुरेखा म्हणाली. "गाडी मी रिस्टोअर करून घेतली. फक्त ओरिजिनल कंपनीचा रेडिओ राहिलाय. ऑनलाइन शोधून शोधून थकले. आईला एकदा गाडीत बसून रेडिओ ऐकायचाय. तिची तब्येत... डॉक्टर म्हणतात, आता तिला हवं ते करा."

रेडिओ माझ्याकडेच होता. माळ्यावर.

तो तिथे कसा आला, हे लिहायला लाज वाटते. आमच्या लाइनीत रिवाज आहे, गाडीतून काढलेला जुना माल मिस्त्रीचा. खूप वर्षांपूर्वी भास्करला मी कॅसेट प्लेअर बसवून दिला आणि रेडिओ ठेवून घेतला. आठवड्याभरात तो परत आला. "मिस्त्री, बायकोला दर्याची बातमी लागते. तो डबा परत दे." मला तेव्हा जीप घ्यायची होती, त्यात तो रेडिओ लावायचा होता. मी बेधडक म्हणालो, भंगारात गेला. "बरं" म्हणून तो निघून गेला. जीप मी कधी घेतलीच नाही. आणि भास्कर मात्र पुढे वर्षानुवर्षं गाडी माझ्याकडेच आणत राहिला, येताना कधी कधी सुकट घेऊन.

सुरेखालाही मी म्हणालो, "बघतो, कुठे मिळाला तर." म्हणजे परत खोटंच.

रेडिओ खाली काढला, पुसला, टेबलावर बॅटरीला जोडून बघितला. नुसती खरखर. मग मी सुरेखाला फोन करून सांगितलं की एक सेट मिळालाय, पण फार अपेक्षा ठेवू नकोस.

रविवारी सकाळी बसवायला घेतला. इथे माझी एक सवय सांगितली पाहिजे. सगळी जोडणी होईपर्यंत मी फ्यूज बसवत नाही, शर्टाच्या खिशात ठेवतो. मध्येच कुणी बटण फिरवलं तर सेट जळू नये म्हणून. फ्यूज म्हणजे पेराएवढी काचेची नळी. ती नसेल तर रेडिओपर्यंत करंट जाऊच शकत नाही, हे आमच्यात नवशिक्यालाही माहीत असतं.

रेडिओ डॅशबोर्डमध्ये सरकवला, स्क्रू पिळत होतो, तेवढ्यात सुरेखा आईला घेऊन आली. तासभर लवकर. हिराबाई अगदी काडी झालेल्या. लेकीच्या आधाराने कशाबशा चढून आपल्या सीटवर बसल्या, रेडिओवरून हात फिरवला आणि बटण फिरवलं.

लागला!

मच्छीमारांना समुद्राचा इशारा, वाऱ्याचा वेग, मग एक जुनं गाणं. स्वच्छ आवाज, खरखर नावाला नाही. मला वाटलं, चला, गाडीची एरियल चांगली निघाली. हिराबाई डोळे मिटून ऐकत होत्या. पाच-दहा मिनिटांनी मला राहवेना.

"मावशी, हा रेडिओ तुमचाच आहे. माझ्याकडेच होता. भास्करशी मी खोटं बोललो."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. "मना ठाव हाय. त्याच दिशी त्याला माळ्यावर दिसलेला. घरी येऊन बोलला, मिस्त्रीकडंच हाय, तो टाकनार नाय."

"मग परत का नाही मागितला?"

"तुला लाजवाचा नव्हता त्याला."

मी गॅरेजच्या मागे जाऊन तोंड धुतलं. परत येऊन राहिलेले स्क्रू आवळले. सुरेखाने गाडी काढली, वळणापर्यंत गाणं ऐकू येत होतं.

संध्याकाळी बायकोने शर्ट धुवायला घेतला. "अहो, हे काय खिशात?" तिच्या तळहातावर फ्यूज होता.

रात्रभर स्वतःला समजावलं, दुसरा बसवला असेल, विसरलो असेन. सकाळी बसने मोऱ्याला गेलो. डॅशबोर्डखाली फ्यूजची डबी उघडली. रिकामी. तार कुठे तारेला टेकलेली नाही, बॉडीला लागलेली नाही, दोनदा तपासलं.

"काल घरी येईपर्यंत वाजत होता," सुरेखा म्हणाली. "आई उतरली तेव्हा मी बंद केला."

आता बटण फिरवलं तर काहीच नाही. खिशातला फ्यूज बसवला. आतला दिवा लागला... आणि खरखर. काटा ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला, नुसती खरखर.

दारात खुर्ची टाकून बसलेल्या हिराबाई म्हणाल्या, "बंद कर रं ते. मना ऐकाचा होता तो ऐकला मी."

मी फ्यूज काढून परत खिशात टाकला. ओळखीच्या दोन वायरमनना विचारलं. एक म्हणाला, कुठेतरी शॉर्ट झाला असणार. दुसऱ्याने मला वय विचारलं. आणखी शोधायचं त्राण आता उरलेलं नाही. एवढंच, की आता कुणी आपला जुना पार्ट परत मागितला, तर गुडघे कितीही दुखोत, मी शिडी लावून माळ्यावर चढतो आणि काढून देतो.