हाताची वजावट

"उजेडाला उशीर होतो म्हणं! रुद्रे, तुला पुण्याला शिकाया धाडलं का आसल्या थापा ऐकाया?"

"होतो आप्पा. इतुकासा, पण होतो."

"कावून? वाटंत बैलगाडी आडवी येती का त्येला?"

"पृथ्वीचं वजन आडवं येतं."

सिद्धाराम आप्पांनी हातातली कपबशी खाली ठेवली. ठेवताना ती किणकिणली. धारूरच्या डोंगरपट्ट्यात पाणाड्या म्हणून आप्पांचा शब्द चाळीस वर्षं चालला. तळहातावर आडवा नारळ घेऊन ते वावरातून अनवाणी चालत. नारळ उभा राहिला की तिथं चुन्याची फुली पडे, आणि त्या फुलीवर बोअरची गाडी डोळे झाकून लागे. गेल्या तीन वर्षांत मात्र लोकांच्या वावरातले सात बोअर कोरडे गेले. "पाण्यानं वाट बदलली," आप्पा म्हणत. आजही चंद्रभागाबाईच्या वावरात त्यांनी काल मारलेल्या फुलीशेजारी गाडी येऊन उभी होती. बाईची मोसंबी माना टाकत होती. हाही बोअर कोरडा गेला, तर बाग गेली.

"तुजे ते दोन उपग्रह काय नारळ घिऊन फिरत्यात का?" आप्पांनी टोला हाणला.

त्यांची नात रुद्राणी हसली. उपग्रहांवरून जमिनीतलं पाणी मोजणं, हेच तिचं काम होतं. "एकामागं एक पळतात, मधे दोनशे किलोमीटर. एक दुसऱ्यावर लेसरचा उजेड टाकतो. खाली जमिनीत पाणी जास्त असलं की वजन जास्त, ओढ जास्त. पुढचा जरा आधी ओढला जातो, मधलं अंतर बदलतं. केसाच्या जाडीहून कितीतरी कमी. तेवढंही लेसरला कळतं."

"मंग सांग, चंद्रभागाबाईच्या वावरात पाणी कुटं हाय?"

"ते नाही सांगता येत. अख्ख्या मराठवाड्याचं सांगता येतं. एका वावराचं नाही."

"हात्तिच्या! मंग माजा नारळच बरा की!"

"बरा असेल. पण आप्पा, आमी मोजलेलं तसंच्या तसं खरं धरत न्हाई. वरचं घड्याळ इथल्यासारखं चालत नाही, उजेडाला उशीर होतो. ते सगळं आधी वजा करतो. नाही केलं, तर उपग्रह हलला नसला तरी हलला वाटेल. नाही तिथं पाणी दिसेल." ती थांबली. मग हळूच म्हणाली, "तुमी काय वजा करता?"

"म्हंजी?"

रुद्राणीनं देवळीतला नारळ आणून त्यांच्या तळहातावर ठेवला आणि घरच्या अंगणात, गेल्या चैत्रात त्यांच्याच फुलीवर घेतलेल्या बोअरच्या तोंडाशी त्यांना उभं केलं. साडेसहाशे फूट खोल, आणि बाहेर आला होता नुसता फुफाटा.

नारळ डुलला. डुलत डुलत उभा राहिला.

"बग! पाणी आलं!" आप्पा ओरडले.

"झाकण काढून बगू?"

रुद्राणीनं दोन्ही हातांनी त्यांचं मनगट घट्ट धरलं. नारळ कलंडला, आडवा झाला आणि तसाच पडून राहिला. तिनं हात सोडले. आप्पांची बोटं थरथरली आणि नारळ पुन्हा उभा राहिला.

आप्पांच्या तोंडचं पाणी पळालं. हे थरथरणं त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. सदऱ्याच्या गुंड्या लावताना ते जाणवायचं, चहा पिताना जाणवायचं. वय झालं, म्हणून सोडून दिलं होतं. वावरात चालताना मात्र तेच थरथरणं त्यांना पाण्याची ओढ वाटत आलं होतं. सात वावरं. सात घरच्या बायामाणसांनी त्या फुल्यांना हळदकुंकू वाहिलं होतं.

"पोरी... तीन वर्सं?" एवढंच त्यांच्या तोंडून फुटलं.

तेवढ्यात चंद्रभागाबाई पदर सावरत, धापा टाकत दारातून आत आली. "आप्पा, गाडीवाला लई घाई करायलाय. फुली हाय तितंच लावू म्हनू ना त्येला?"

आप्पांनी तिच्याकडं पाहिलं.

"आप्पा? अवो, तितंच ना?"

त्यांनी नारळ रुद्राणीच्या हाती दिला, भिंतीशी टेकवलेला खराटा उचलला आणि चपला न घालताच, बाईच्या बाजूनं, तिच्या वावरातल्या चुन्याच्या फुलीकडं चालू लागले.