दिवा लावणाऱ्यांची यादी

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, देवापाशीही नाही — देवापाशी बोलायला बसलो की दरवेळी दुसरंच काहीतरी मागून उठतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. ओळखीच्या माणसाला सांगायची छाती असती, तर सांगण्यासारखं काही उरलंच नसतं, नाही का?

मंठ्याच्या बाजारपेठेत माझं लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे. हयात ह्याच धंद्यात गेली. शुभविवाह मी छापतो, बौद्ध घरांतला मंगल परिणयही मीच छापतो. पत्रिकेत सगळ्यात अवघड काय असतं, सांगा बरं? मुहूर्त नाही, गणपतीचं चित्र नाही. नावं. कुणाचं वर घ्यायचं, कुणाचं खाली, कुणाचं गाळायचं. एका नावापायी भाऊबंद भरल्या मांडवातून उठून गेलेले मी पाहिलेत. नाव गाळलं की माणसाला काय होतं, हे माझ्याइतकं तालुक्यात कुणाला कळत नसेल. हे आधीच सांगून ठेवतो — मला कळत नव्हतं, असं पुढं म्हणायची सोय राहू नये म्हणून.

आता अक्का. माझी थोरली बहीण, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. आमच्या दुकानाची एक रीत आहे. पत्रिकांचा गठ्ठा गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या आधी वरच्या पत्रिकेच्या चारी कोपऱ्यांना हळदीकुंकू लावायचं. ते अक्का लावते. दुकानामागंच घर आहे. ती पदराला हात पुसत येते, करंडा उघडते, पोरगी कुठली, पोरगा काय करतो, सासू कशी आहे, सगळं विचारून घेते, आणि जाता जाता गिऱ्हाइकासमोरच मला झापते. "बापू, किती फिक्कट छापला रे गणपती. आजारी दिसून राह्यला." मंठ्यातल्या निम्म्या संसारांना पहिलं कुंकू अक्काच्या बोटाचं लागलेलं आहे, असं मी गमतीनं म्हणतो. ती लाजते. साठी उलटली तरी लाजते.

हे काम सवाष्णीचं. आणि अक्का सवाष्ण आहे. दाजी अंबडला आहेत. फक्त — ते दुसऱ्या बाईबरोबर आहेत. लग्नानंतर दोनच वर्षांत त्यांनी दुसरं घर मांडलं आणि चोवीस वर्षांची अक्का एक पत्र्याची पेटी घेऊन माहेरी परत आली. मी तेव्हा शाळेत होतो. वडील गेलेले. तिनं ब्लाउज शिवून मला शिकवलं, आईचं शेवटचं सगळं केलं. सोडचिठ्ठी त्यांनी दिली नाही, हिनं मागितली नाही. गळ्यातलं दोरलं तसंच, कपाळावरचं कुंकू तसंच. वटसावित्रीला वडाला फेऱ्या घालते म्हणून एकदा मी चिडून म्हणालो होतो, कुणासाठी गुंडाळतेस तो दोरा? ती म्हणाली, "त्यायच्यासाठी न्हाई रे बापू. मी शब्द दिल्ता ना, त्याच्यासाठी." तिनं एक गाठ मात्र पक्की बांधलेली होती — काही मागायला म्हणून त्या दारात पाय ठेवायचा नाही. आणि ठेवला नव्हता, छत्तीस वर्षं.

सहा वर्षांपूर्वी आम्ही मंठ्यात विवाहसंस्कार रॅली काढली. पुढारी नाही, पक्ष नाही, आम्हीच गावातली माणसं. माझ्या दुकानात दिसत होतं ना — छापलेल्या पत्रिका न्यायलाच कुणी यायचं नाही, आदल्या उन्हाळ्यातली लग्नं पुढच्या उन्हाळ्यात कोर्टात. लग्नाची भानगडच कशाला, नुसतं सोबत राहू, असं शिकली-सवरलेली पोरं तोंडावर म्हणायची. आम्हा जुन्या माणसांना वाटलं, लग्न म्हणजे दोन घरांनी दिलेला शब्द असतो, हे कुणीतरी रस्त्यावर येऊन मोठ्यानं म्हणायला पाहिजे. कमिटी झाली. अध्यक्ष वाघमारे सर, निवृत्त मुख्याध्यापक, सगळ्यांना धरून चालणारा माणूस. ते म्हणाले, "तुमचा विधी वेगळा, आमचा वेगळा. पण शब्द सारखाच." मी सचिव. मला ते सगळं तेव्हाही पटत होतं आणि आजही पटतं. रॅलीची मला लाज नाही. लाज दुसरी आहे — येतो तिथंच.

रॅली उभी केली ती मात्र अक्कानं. आम्ही कमिटीवाले चहा पीत घोषणा ठरवत बसलो आणि ही रोज सकाळी एसटीनं एकेक गाव धरायची. भाषण नाही, माइक नाही. ज्या घरी जाईल तिथल्या सुपातली डाळ निवडायला घ्यायची आणि बोलायला लागायची. मी एका गावी सोबत होतो, तेव्हा ऐकलं. "नवरा मारत असंल तर राहू नका, जल्दी उठून माहेरी या. माहेर कशाला असतंय मंग? पण उगी शब्दाला शब्द लागला म्हणून मोडू नका बायांनो. मोडाया येक दिस लागतो, मांडाया जलम जातो." बाया हसायच्या, डोळे पुसायच्या, आणि येतो म्हणायच्या. अक्का जे म्हणते ते अक्कानं केलेलं आहे, हे त्यांना दिसत होतं. मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. तेच तर सांगतोय.

रॅलीच्या आरंभी पाच बायकांनी दिवा लावायचा असं ठरलं. सरांनी पाच नावं रेघी कागदावर हातानं लिहून आणली, पत्रकात छापायला. पहिलं नाव अक्काचं होतं. सर म्हणाले, "अक्कांपेक्षा जास्त लग्न सांभाळलंय कुणी आपल्यात?" कमिटीतल्या सगळ्यांनी माना हलवल्या. एकानंही हरकत घेतली नाही — हे नीट लक्षात ठेवा. मी कागद खिशात घातला.

दुकानापर्यंत चालत येताना माझ्या कानात आवाज सुरू झाला. सचिवाचीच बहीण नांदली नाही, आणि हे निघालेत लोकांची लग्नं वाचवायला! अंबडची माणसं येणार, पेपरवाले येणार, कुणीतरी विचारणारच की हिचा नवरा कुठाय. असं कोण म्हणालं होतं? कुणीही नाही. चहाच्या टपरीवर नाही, बाजारात नाही. तो आवाज माझाच होता. दुकानात आलो, कागद काढला, आणि पहिल्या नावावर रेघ ओढली.

संध्याकाळी अक्कानं तिचा लग्नातला हिरवा शालू खाटेवर पसरलेला होता. गावोगावच्या बायांकडून तिच्या कानावर काहीतरी आलेलं असणार. चेहऱ्यावर लहान पोरीसारखं हसू. "बापू, मला बी उभं करतेत म्हणं?"

मी म्हणालो, कमिटीनं ठरवलंय, दिवा जोडीनंच लावायचा. नवरा शेजारी पाहिजे.

ती थोडा वेळ शालूवर हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "बराबर हाय त्यायचं. लग्नाचा दिवा हाय. जोडीनंच लावावा." आणि घडी घालायला लागली. दुसऱ्या टोकाला धरायला मीच गेलो. घडी सरळ यावी म्हणून.

दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं, अक्का नको म्हणते, लाजते; त्यापेक्षा पाच जोडप्यांनाच उभं करू. सर हळहळले, पण ऐकलं. खोट्याचं खरं करायची सोय माझ्याकडं होतीच. पत्रकात छापून टाकलं — दीपप्रज्वलन, पाच जोडप्यांच्या हस्ते.

रॅलीच्या आधी दोन दिवस अक्का सकाळीच निघाली. अंबडकडच्या पाहुण्यांना सांगून येते म्हणाली. दोन गाड्या बदलून जायचं, दोन बदलून यायचं. दिवेलागणीला परतली. पाय धुळीनं भरलेले. जेवली नाही. मी विचारलं नाही.

रॅली छान झाली हो. खरंच छान. मारुतीच्या देवळापासून मार्केट यार्डापर्यंत माणूसच माणूस, डोक्यावर कळस घेतलेल्या बायांची रांग, पुढं हलगी. निम्म्याहून जास्त बाया अक्काच्या गावांच्या. येईल ती विचारायची, "अक्का कुठंयत?" अक्का पाण्याच्या पिंपापाशी होती. रोजच्या वापरातलं लुगडं, पदराला स्वयंसेवकाचा बिल्ला, तोही उलटा लावलेला. येईल त्याला पेला भरून देत होती आणि "पी बापा, ऊन लई हाय" म्हणत होती. मी फेटा बांधून स्टेजवर. पाच जोडप्यांनी दिवा लावला. मग मी भाषण केलं. दिलेला शब्द पाळणाऱ्यांना माझा दंडवत, असं एक वाक्य घेतलं होतं — ते मी पिंपाकडं न बघता, दुसरीकडं तोंड करून म्हणालो. टाळ्या पडल्या. अक्का ओल्या हातांनी वाजवत होती. सगळ्यांचं थांबल्यावरही तिचं चाललेलंच होतं.

तरीही हे इथं संपलं असतं, तर कदाचित मी ते पचवून टाकलं असतं. माणूस काय काय पचवतो.

लग्नसराईत एक दिवस दुपारी आम्ही दोघं पत्रिकांच्या घड्या घालत बसलो होतो. अक्काची बोटं हळदीनं पिवळी झालेली. मध्येच म्हणाली, "बापू, येक सांगू? रागावू नको. मी त्या दिशी पाहुण्यायकडं न्हाई गेल्ते. त्यायच्याकडं गेल्ते."

दाजींकडं. ज्या दारात मागायला म्हणून जायचं नाही अशी गाठ होती, त्या दारात. येक तास माझ्याशेजारी उभं ऱ्हा, मंग जलमभर तोंड दाखवू नका — असं म्हणायचं तिनं गाडीत बसून पाठ केलं होतं. पोचली तर दाजी ओसरीवर खुर्चीत. अंग वाळून गेलेलं, हात थरथरत होते. ती दुसरी बाई त्यांना दुधात भाकर कुस्करून चमच्यानं भरवत होती. दाजींनी अक्काला ओळखलंच नाही. बाईनं मात्र एका नजरेत ओळखलं.

"तिनं वाटी खाली ठिवली, हात धुतले, मला पाट दिला. चा केला. मी उठले तं मला कुंकू लावलं अन् वटी भरली. मी इचारलंच न्हाई, बापू. इतकी वर्सं तिनंच सांभाळलं त्यायला. तिच्या हातातला नवरा येका तासासाठी कसा मागू? लोकायचा संसार मोडू नका म्हणून गावोगाव मीच सांगत फिरले ना?"

हातातली पत्रिका मी पुन्हा पुन्हा तीच दुमडत होतो. अक्कानं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि तिला वाटलं, मला तिचंच वाईट वाटतंय. उलट मलाच समजावायला लागली. "तू कामून तोंड पाडलं रे? मला ठावं हाय, तू लई भांडला असशील कमिटीत माझ्यासाठी. भांडला ना?"

मी म्हणालो — हो.

हो अक्का, भांडलो.

तिनं माझ्या पाठीवर थाप मारली. संध्याकाळी शर्ट काढला तेव्हा पाठीवर हळदीची पाच बोटं होती.

सहा वर्षं झाली. वाघमारे सर अजून दुकानावरून जातात. अक्का दिसली की लांबूनच हात जोडतात आणि पुढं जातात. तिला संकोच नको म्हणून थांबत नाहीत, मला म्हणतात, "लाजाळू फार हो तुमची अक्का." अक्का म्हणते, "सर माणूस भला हाय, पण मनातून मला कमी समजते. बराबरच हाय." दोघांच्या मध्ये गल्ल्यावर मी बसलेला असतो. एक वाक्य बोलायचं काम आहे. दोघंही जिवंत आहेत, दोघंही समोर आहेत, आणि मी गिऱ्हाइकाला नमुने दाखवत राहतो.

तो रेघी कागद मी फाडला नाही. टेबलाच्या खणात जुन्या पत्रिकांखाली आहे. खणाला कुलूप नाही आणि अक्काला चांगलं वाचता येतं. पण भावाच्या खणात हात घालायचा नाही, ही तिची रीत. आज सकाळीही ती त्याच टेबलाशी उभी राहून एका नव्या गठ्ठ्याला कुंकू लावून गेली — जाता जाता म्हणाली, आज बरा उठलाय गणपती. यादीत पहिलं नाव तिचं आहे. त्यावरची रेघ माझ्या पेनाची.