पोटातला गोळा

हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या त्या मोठ्या लाँड्रीत तिला सगळे इस्त्रीमावशी म्हणत. चादरीवर ती एक सुरकुती राहू देणार नाही. स्वतःच्या तब्येतीकडे मात्र साफ काणाडोळा. परक्या मुलखात येऊन इतकी वर्षं झाली, तरी सरकारी दवाखान्याची पायरी ती चढली नव्हती. "तो इथल्या लोकांसाठी. आपण पाहुणे," असं म्हणायची आणि अंग चोरून राहायची. अलीकडे पोट जड वाटत होतं, तेही तिने गॅसच्या नावावर खपवलं होतं.

मग एक दिवस यंत्राची वाफ हातावर आली. मुकादमबाईने तिचं काही एक न ऐकता तिला थेट दवाखान्यात नेऊन बसवलं. बोलणं समजावून द्यायला भाची धावत आली. भाची इथेच जन्मलेली; तिचं मराठी 'जेवायला ये' आणि 'चप्पल कुठे आहे' एवढ्यावर भागणारं.

मलम लावता लावता नर्सने विचारलं, नेमकं काय झालं?

"काय होणार? वाफ आली नि पोटात गोळाच आला गं माझ्या!"

भाचीने इमानेइतबारे शब्दाला शब्द लावला: हिच्या पोटात गोळा आहे.

नर्सचा हात थांबला. "कधीपासून?"

मावशीला वाटलं, आपल्या भित्रेपणाची चौकशी चाललीय. "तो काय आजचा आहे? या देशात पाय ठेवल्यापासूनचा! दाराची बेल वाजली तरी येतो मेला."

भाचीने वर्षं तेवढी सांगितली. बेलचं तिला काही कळलं नाही, म्हणून गाळलं.

पुढच्याच मिनिटाला मावशी आडवी. "अगं, भाजलाय हात, आणि ही बया पोट काय दाबतेय?" ती कुरकुरत होती. डॉक्टरीणबाई आल्या, सोनोग्राफी झाली, आणि पडद्यावर खरोखरच गोळा निघाला. अंडाशयावर, चांगला मोसंबीएवढा. आत्ता काढला तर निभावेल, उशीर केला तर जिवावर बेतेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

मावशीचा चेहरा उतरला. जिवापेक्षा तिला दुसरीच काळजी. "पण आम्ही इथले नाही म्हणावं. आम्हाला चालतं का इथे?"

नावनोंदणीच्या खिडकीवरच्या बाईने तिचं राहण्याचं कार्ड उलटंसुलटं पाहिलं आणि काहीतरी म्हणाली. भाचीने या वेळी जपून, एकेक शब्द तोलून सांगितलं, "ती म्हणते, इथे राहता ना? मग आमच्याच की. इतकी वर्षं होतात कुठे?"

आमच्याच! मावशी तिथेच घळाघळा रडली.

ऑपरेशन झालं. बिलाचं कोणी नावही काढलं नाही, उलट उशी नीट आहे ना म्हणून दोनदा विचारून गेले. त्या माणसांचे उपकार फेडायचे कसे, या विचाराने ती बेजार झाली. उठता येऊ लागल्यावर तिने आधी आपल्या खाटेची चादर अशी काही ताणून घातली, की नर्स दुसऱ्या नर्सना बोलावून दाखवू लागली.

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आता पोट कसं आहे?

"गोळा गेला म्हणावं," मावशी म्हणाली.

भाची एव्हाना शहाणी झाली होती. तोंड उघडण्याआधी तिने विचारून घेतलं, "कुठला गं, मावशी?"

"दोन्ही."