खाटेपर्यंतचा आवाज

इंझोरीच्या शेषरावाला घाई कशाशी खातात ते माहीत नव्हतं. लग्न असो की जयंती, गावात भोंगा वाजायचा तो त्याच्याच आवाज वाढवायच्या मशीनवर. पण तो सुरू होईपर्यंत वऱ्हाड जेवून उठायचं. तार तपास, परत तपास, मग कुठे बटण. त्याची बायको भागिरथा हसायची. "नवरदेवाले लेकरू झाल्यावर वाजवा," म्हणायची.

१९७४च्या उन्हाळ्यात भागिरथा खाटेला खिळली. छातीचं दुखणं. दर जयंतीला याच मशीनच्या माइकसमोर उभी राहून तिने भीमगीतं गायली होती. आता दोन वाक्यांत धाप लागायची. तिचं एकच म्हणणं होतं, "औंदा मले खाटेवरून आयकू आलं पाह्यजे."

ते सोपं नव्हतं. विहार गावाच्या वरच्या अंगाला आणि यांचं घर पार नाल्याकाठी, शेवटचं. जुन्या मशीनचा आवाज अर्ध्या वाटेवर थकायचा. शेवटी शेषराव अकोल्याला गेला. जास्त ताकदीचे काचेचे दोन मोठे वॉल, म्हणजे व्हॉल्व्ह, आणि ते पेलणारा ट्रान्सफॉर्मर घेऊन आला.

दुसरा कोणी असता तर दोन दिवसांत बसवून मोकळा झाला असता. याने अंगणात मशीन उघडलं आणि आठ दिवस नुसती साफसफाई केली. कोंबडीच्या पिसाने धूळ झाडली, कोपऱ्यांत सायकलच्या पंपाने हवा मारली, कुंभारमाशीचं मातीचं घर खरवडून काढलं. मग दोऱ्याने मापं घेतली. नव्या वॉलला पत्र्याची जुनी भोकं लहान पडत होती, तर कानशीने ती घासत बसला. कुजक्या तारा एकेक करून बदलल्या. भागिरथा खाटेवरून, उघड्या दारातून, सगळं बघत होती.

"अवो, मशीन हाय का नवरी?"

"जुन्या जिवाले नवी ताकद एकदम सोसत नाई वं. आंधी तयारी लागते."

"मंग माही बी तयारी चालूच हाय," ती म्हणाली.

शेषरावाने मान खाली घातली आणि कानस जोरात चालवली.

नऊ एप्रिलला काम संपलं. घरातला एकुलता एक बल्ब काढून त्याने मशीनच्या तारेत मधोमध जोडला. बल्ब भगभगून पेटलेलाच राहिला तर आत काहीतरी बिघाड. मंदावला तर मशीन शाबूत. बल्ब क्षणभर पेटला आणि शहाण्यासारखा मंदावला. वॉल लालसर झाले.

"झालं?" भागिरथाने विचारलं.

"झालं."

"मंग लावा न एक तबकडी. एकच कडवं."

आता लावावी की नाही? पण शेषरावाने मनाशी नियम करून ठेवला होता: नव्या ताकदीचा पहिला आवाज वंदनेचा, तोही जयंतीला, विहारातूनच. "पाच दिवसाचा तर सवाल हाय," तो म्हणाला.

"तुमचं काय जाते हो? मेल्यावर आयकवसान काय?"

"असं बोलू नोको."

नाहीच लावली. नुसती सुई टेकवायची होती!

बारा तारखेला सकाळी भागिरथा गेली. अंत्यविधीला, विहारात वंदना म्हणणाऱ्या म्हाताऱ्या भिवाजीने ती माइकविना, तोंडीच म्हटली. मशीन चादरीखाली झाकलेलं होतं. त्याचं नाव कोणी काढलं नाही.

चौदाला शेषराव मशीन घेऊन विहारात हजर. लोक म्हणाले, औंदा राहू दे. त्याने ऐकलं नाही. भोंगा खांबाला बांधला, माइक भिवाजीपुढे धरला. वंदना झाल्यावर तबकडी लावली. भोंग्याचं तोंड नाल्याकडे होतं.

"गावाकडं फिरव न बापा," भिवाजी म्हणाला. "तिकडं कोन हाय आयकाले?"

मशीन तसंच चालू सोडून शेषराव उतारावरून घराकडे चालू लागला. एक तपासणी राहिली होती.

घरात शिरून तो खाटेवर बसला. मग आडवा झाला. तिचं डोकं असायचं तिथेच डोकं टेकलं. एकेक शब्द स्वच्छ येत होता.

गाणं संपलं. बऱ्याच वेळाने शेजारची विमलबाई दारात आली.

"भाऊ, तबकडी कवाचीच सपली. सुई नुसती घरघर करून राह्यली. चाला न."

"हाव," शेषराव डोळे न उघडता म्हणाला. "आयकू येते."