मिरचीचा ठसका

नाना गेल्याचा निरोप पाचोऱ्याला आला, तेव्हा मी निरोप्यालाच वेड्यात काढलं. सुकलालनाना धुळ्यात ओरडले की पार लांबच्या सोनगीरच्या किल्ल्यावरचे पारवे उडायचे. असा माणूस झोपेत, आवाज न करता जाईल?... पण गेले. महिना झाला.

नानांचं साप्ताहिक चार पानांचं. साडेतीन पानं पोलिसांवर, उरलेल्या अर्ध्यात केळीचे भाव. मानवी हक्क हे शब्द आमच्याकडे पोचण्याआधीपासून ते ठाण्याच्या बाकावर बसून असत. त्यांच्या बसण्याने बाक मधोमध खोलगट झाला होता म्हणतात. म्हणजे मीच म्हणतो. ऐंशीच्या दशकातल्या एका हिवाळ्यात तुळसाबाई ही भिल्लवस्तीतली बाई त्यांच्याकडे आली. तिच्या पोराला, सुपडूला, पाण्याची मोटार चोरल्याच्या संशयावरून उचललं होतं. नाना तिला घेऊन ठाण्यात गेले, तर "असा कुणी इथं नाही, मागच्या खोलीत नुसते जुने टायर," फौजदाराने तोंडावर सांगितलं. नोंदच नाही, मग आत मेला तरी जाब कुणाला विचारणार?

नाना हसले. "बरं साहेब. मग तुमच्या आवारात एक भरीत पार्टी होऊन जाऊ द्या, आमच्याकडून." फुकटच्या भरिताला नाही म्हणणारा खानदेशात अजून जन्मायचाय. तेव्हा मी त्यांचे अंक वाटायचो, म्हणून वांगी मीच वाहिली. नानांनी नेमक्या मागच्या कुलूपबंद खोलीच्या खिडकीखाली कपाशीच्या वाळक्या काट्या पेटवल्या, वांगी टाकली, आणि वर पोतंभर सुक्या मिरच्या. बरं, ओंजळभर. असा ठसका उठला की हवालदार, फौजदार, निंबावरचे कावळे, सगळे खोकले. "अहो नाना, हे काय!" "वारा फिरला, साहेब." तेवढ्यात, जिथे फक्त जुने टायर होते म्हणे, त्या खोलीतून बारीक खोकला आला. हे मात्र मी वाढवून सांगत नाही.

आमच्याबरोबर आलेली तुळसाबाई ताडकन उठली. "मना आंडोर शे! मनाच पोऱ्या शे!"

नाना खिडकीशी तोंड नेऊन गरजले, "ऐकू उनं रे, सुपडू!" मग, तुम्हालाही ऐकू आलं ना, अशा नजरेने फौजदाराकडे वळले. "टायर खोकतात असं छापू, की माणूस कोर्टात हजर करता?"

दुसऱ्या दिवशी सुपडू कोर्टात उभा होता. बरगड्या दुखावलेल्या, पण जिवंत.

तेव्हापासून दर हिवाळ्यात तो वांगी घेऊन नानांकडे यायचा. कडी कधी वाजवली नाही. उंबऱ्याबाहेर खोकायचा, आणि आतून नाना, "ऐकू उनं रे!"

परवा नानांच्या पत्नीला, आमच्या अक्कांना, भेटायला गेलो होतो. टेबलावर नानांचा चष्मा तसाच. बाहेर कुणीतरी खोकलं. अक्का दाराकडे वळल्या... पुन्हा खोकला. "ऐकू उनं रे," अक्का म्हणाल्या, पण त्यांचा आवाज दारापर्यंतही गेला नसेल. म्हणून मग मी ओरडलो, होता नव्हता तेवढा घसा ताणून.

पारवे काही उडाले नाहीत. सुपडू आत आला.