कडेला हात हलका

चकचकीत वस्तू हातात आली की सामंतकाकू त्या वस्तूकडे बघत नसत, तिच्यात पडलेल्या ट्यूबलाइटकडे बघत. मी नवा स्टीलचा डबा दाखवायला नेला, तर त्यांनी तो दिव्याखाली तिरका धरला. "छान आहे, पण ट्यूब लाटेसारखी दिसतेय बघ." खाली पार्किंगमध्ये कुणाची नवी गाडी आली की बॉनेटपाशी वाकून उभ्या राहत. वॉचमनला आधी वाटलं, बाईंचं काहीतरी हरवलंय.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. दुबईत, देऱ्याला आमचे दरवाजे समोरासमोर होते. काका एका काँट्रॅक्टिंग कंपनीत इंजिनिअर. त्यांना एकच नाद: तळहातावर मावतील अशा मॉडेल गाड्या जोडायच्या, रंगवायच्या आणि वर ॲक्रिलिकचा पारदर्शक थर मारून तो आरशासारखा होईपर्यंत घासायचा. त्या थराला ते 'क्लिअर' म्हणत. काकूंना या साऱ्याचा वैताग होता, कारण क्लिअर मारायच्या दिवशी बाथरूम बंद. काका आधी गरम पाण्याचा शॉवर सोडून हवेतली धूळ खाली बसवत आणि वाफ गेली की फवारणीला आत शिरत. "या घरात अंघोळीला आधी गाड्यांचा नंबर," काकू म्हणत.

मग काकांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. ऑफिस कसंबसं चाललं, पण घासायचं काम सुटलं. एक अर्धवट घासलेली निळी गाडी कितीतरी दिवस टेबलावर तशीच पडून होती. एका सुट्टीच्या शुक्रवारी काकूंनीच वॉटर पेपरचा, म्हणजे ओल्यानं घासायच्या बारीक पॉलिश पेपरचा, तुकडा पाण्यात बुडवला आणि विचारलं, "सांगा, कुठून सुरू करू?"

दाराच्या कडेला त्यांनी इतकं घासलं की क्लिअर गेला, निळा रंग गेला, खालचं पांढरं प्लास्टिक दिसायला लागलं. त्यांचं तोंड उतरलं. काका म्हणाले, "कडेला थर पातळ असतो. तिथे हात हलका. खलास नाही झाली, परत रंगवू."

हे वाक्य पुढे काकूंचंच झालं. माझी मुलगी चौदा-पंधराची असताना मी तिला एकदा फार बोलले. समोरच्या दारातून काकू आल्या, तिला आपल्या घरी पाठवलं आणि हळूच मला म्हणाल्या, "सध्या कडेला आहे ती. हात हलका ठेव."

गाडीच्या कामात घाई त्यांना खपत नसे. मुलगी म्हणायची, "आंटी, इट्स ड्राय. आय टच्ड इट."

"वरून वाळलीय गं. आत ओली आहे. आज घासली तर नंतर चमक उतरेल."

हळूहळू जोडणं-रंगवणंही काकूंकडे आलं. दुपारी डायनिंग टेबलावर पेपर पसरलेला, शेजारी खुर्चीत काका.

"पाण्यात साबणाचा थेंब टाकलास?"

"टाकला."

"गोल गोल नको, सरळ घास."

"मग तुम्हीच या."

आणि जरा वेळानं पुन्हा तेच सुरू. इतकं बोलणं त्या घरात आधी कधी ऐकू आलं नव्हतं.

काकांची नोकरी संपली, तसा व्हिसाही संपणार होता. जायच्या आधी एक शेवटची गाडी करायची ठरली, त्यांनी दुबईत घेतलेल्या पहिल्या गाडीसारखी, गडद लाल. काकांनी हट्ट धरला, "क्लिअर मी मारणार." काकूंनी अडवलं नाही. आम्ही दोघी बाथरूमच्या दाराशी उभ्या होतो. टपावर आल्यावर त्यांचा हात थरथरत जागीच अडकला आणि तिथून क्लिअरचा एक जाड ओघळ मागच्या काचेकडे उतरला. काका बाहेर आले. "गेली," एवढंच म्हणाले.

"वाळू दे. मी बघते," काकू म्हणाल्या.

सामानाची खोकी भरली जात होती, पण गाडी पूर्ण वाळेपर्यंत त्यांनी तिला हात लावला नाही. मग रोज दुपारी थोडं थोडं करत तो ओघळ उतरवला, पेस्ट लावली, फ्लॅनेलनं पुसलं आणि गाडी काकांपुढे ठेवली. काकांनी टपावरून बोट फिरवलं. "कुठे होता?"

"शोधा."

त्यांना सापडला नाही. बऱ्याच दिवसांनी ते मोठ्यानं हसले.

विमानात काकूंनी ती गाडी मांडीवर ठेवून पुण्याला नेली. पुढच्याच वर्षी काका गेले.

त्यानंतरच्या सुट्टीत मी भेटायला गेले. काकूंनी कपाटातून लाल गाडी काढून माझ्या हातात दिली. मी म्हटलं, "काकू, काय सुरेख झालीय. कुठे काही कळतसुद्धा नाही."

त्यांनी गाडी परत घेतली आणि टपावर बोट टेकवलं.

"मीही रोज शोधते," त्या म्हणाल्या. "त्यांचा हात तेवढा त्या ओघळात होता गं. तोच मी घासून टाकला."

 त्यांचं बोट टपावरून मागच्या काचेपर्यंत जात होतं, पुन्हा वर येत होतं.